मीटरवरचं नाव

नीलम नगरातल्या ह्या खोलीचं लाइट बिल
मल्लिनाथ बिराजदारच्या नावानं यायचं.
आमच्या आधीचा भाडेकरू. पाहिला नाही कधी.
मागच्या दाराला एक खिळा ठोकून गेला,
आणि मीटरवर हे नाव ठेवून.

मला दुसरा माणूस हवा होता.
एकटीनं शिकता येतं सगळं,
पण भांडण एकटीनं होत नाही
आणि सरावाला भांडणच लागतं:
दोघांनी एकाच ओळीला हात लावायचा,
मग बघायचं मशीन काय म्हणतं.

रिचार्ज संपलेला. सेकंडहँड लॅपटॉप,
चार्जर काढला की राम राम.
तीन फोल्डर केले.
एक मधलं. त्यात कुणी राहत नाही,
नुसता इतिहास राहतो.
त्याचे दोन क्लोन.
एकात मी, रजिता येमूल.
दुसऱ्यात नाव टाकलं मल्लिनाथ बिराजदार.
ईमेल खोटाच.
मधल्याला रिमोट म्हणतात, म्हणजे दूरचं.
माझं दूर शेजारीच होतं,
दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ
इतकंच लांब.

फाइल कसली घ्यायची?
अम्माची वही हाताशी होती.
तारीख, किती विड्या वळल्या, किती छाट.
तीच उतरवत गेले, थोडी मी, थोडी तो.

मल्लिनाथ रात्री उशिरा काम करायचा.
कमिटचे निरोप एका शब्दाचे:
‘केलं.’ ‘परत.’ ‘बघा.’
पुल न करताच पुश करायचा,
मधलं फोल्डर त्याला दारातूनच माघारी लावायचं.
मी चिडायचे. खरंच चिडायचे,
खुर्ची तीच, बोटं तीच.

सतरा तारखेच्या ओळीत
मी लिहिलं, हजार.
त्यानं चेकरची बाजू घेतली: नऊशे चाळीस.
मी आधी पुश करून मोकळी.
तो मागून आला, शहाण्यासारखं पुल केलं एकदाचं,
आणि फाइल मधोमध उसवली.
वर बाणांच्या टोकांची रांग, खाली रांग,
मधे बरोबरच्या खुणांचा बांध.
मशीननं हात वर केले:
तुमचं तुम्ही बघा.

अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली.
विचारलं, यातलं कुठलं ठेवू?
तिनं कात्री थांबवली नाही.
‘वळल्या हजार. घेतल्या नऊशे चाळीस.
दोन्ही खरंच की. एक कशाला पुसतीस?’

मला वाटलं होतं, एक बाजू निवडावीच लागते.
तसं काही नसतं.
खुणा पुसल्या. ओळी दोन्ही ठेवल्या.
मर्ज त्याच्या फोल्डरात चाललेला,
म्हणून कमिटही त्याच्याच नावानं.
निरोपात पहिल्यांदा पूर्ण वाक्य लिहिलं त्यानं:
‘साठ विड्या कुठं गेल्या, विचारणे.’

पुढं होटगी रोडवरच्या एका हापिसात
खऱ्या माणसांबरोबर मर्ज करायला लागले.
बरी आहेत. पुल करतात, निरोप नीट लिहितात,
भांडण झालं तर चहाला बोलावतात.
कुणी अजून काही विचारायला सांगितलं नाही.

परवा घरमालकानं मीटर आपल्या नावावर करून घेतलं.
बिलावरनं मल्लिनाथ गेला.
त्या फोल्डरात एकोणचाळीस कमिट आहेत त्याचे.
मागचा सगळा इतिहास नव्यानं लिहून
नाव बदलता येतं, मला ती कमांड पाठ आहे.
लॉग उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला,
मी, तो, तो, मी, तो,
आणि लॅपटॉप मिटला.

अम्मा आतून म्हणाली,
खिळ्यावरचा पाइप काढून ठेव,
पहाटे चारला पाणी येतंय.